ओकच्या पलीकडे

श्रीरंगने टेक्सासमध्ये ब्राझोस नदीकाठची जमीन घेतली तेव्हा पद्मिनीला ते मनातून पटलं नव्हतं. शुगर लँड उपनगरातलं घर चांगलं होतं, ओळखीची माणसं हाकेच्या अंतरावर होती. पण तेलकंपनीतून रिटायर झाल्यापासून श्रीरंगने एकच ध्यास घेतला होता. मोकळ्या रानात मोठं घर बांधायचं, म्हणजे मुलगा अमेय दूरच्या बॉथेलहून बायकोमुलीला घेऊन हक्काने येईल, उन्हाळाभर राहील. पद्मिनीने शेवटी मान हलवली.

जमिनीच्या एका टोकाला लोखंडी कुंपणात चार-पाच जुन्या कबरी होत्या. एझरा कॉलियर, त्याची बायको मार्था आणि त्यांची मुलं. टेक्सासवर मेक्सिकोचा अंमल होता तेव्हा एझरा टेनेसीहून बैलगाडीने आला आणि इथे वसला. जमीन कुणाचीही असली तरी त्याच्या वंशजांना कबरींपाशी यायचा हक्क होता. येणारी एकटी मिस लोरेनच उरली होती. ऐंशीच्या घरातली, काटक, स्वतः पिकअप चालवत यायची. फुलं ठेवून झाली की श्रीरंगने मांडलेल्या खुर्चीवर बसून पद्मिनीने केलेला चहा प्यायची आणि घराण्याच्या कथा सांगायची.

पहिल्याच उन्हाळ्यात तापाने मार्थाची दोन मुलं गेली. ती परत चला म्हणून रडत राहिली, पण एझरा हटला नाही. त्याने स्वतःच्या हातांनी जंगल तोडलं, कापूस लावला, घर उभं केलं. मार्था मात्र पुन्हा माहेर पाहू शकली नाही. शेवटच्या बाळंतपणात ती गेली.

श्रीरंग हे जिवाचा कान करून ऐकायचा.

"हा माणूस आपल्यातलाच आहे, पद्मिनी," तो एकदा म्हणाला. "आपण सुटकेसी घेऊन आलो, तो बैलगाडी घेऊन आला. तेवढाच फरक."

पद्मिनीच्या मनात मार्था घोळत होती.

घराचे प्लॅन पास झाले आणि रुडी नावाच्या कॉन्ट्रॅक्टरने सेप्टिक टँकसाठी खणायला घेतलं. जागा कुंपणापासून बरीच लांब, जुन्या ओकच्या झाडांच्या पलीकडे होती. दुपार व्हायच्या आत त्याने मशीन बंद केलं आणि दोघांना हाक मारली. मातीच्या ढिगावर काही हाडं होती.

"जनावराची असतील," श्रीरंग म्हणाला. "हरीण, नाहीतर डुक्कर."

पद्मिनीचा जन्म पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये गेला होता. ती गुडघ्यांवर बसली. जबड्याचा एक तुकडा, त्यात दुधाचे दात, आणि त्यांच्या खाली हाडात दडलेले पक्के दात.

"मूल आहे हे," ती म्हणाली. "सहा-सात वर्षांचं. अमेयच्या अनयाएवढं."

रुडीने टोपी काढली. मग श्रीरंगकडे बघून हळूच म्हणाला, "तुम्ही म्हणाल तर मी हे बुजवून टाकतो. टँक दुसरीकडे घेऊ. कुणाला कळायचं कारण नाही."

श्रीरंगने पद्मिनीला बाजूला नेलं. "ऐक. एकदा फोन केला की काम थांबलं. सहा महिने, वर्ष, कोण जाणे. आपली वयं बघ. घर व्हायचंच नाही मग."

"नको होऊ दे."

"तुला हे घर कधी हवंच नव्हतं."

"ते खरं आहे," ती म्हणाली, "पण त्याचा याच्याशी संबंध नाही." आणि तिने तिथेच उभं राहून शेरीफच्या ऑफिसला फोन लावला. श्रीरंग गाडीत जाऊन बसला.

पुढे युनिव्हर्सिटीची माणसं आली. त्यांनी माती अलगद खरवडली तेव्हा ओकच्या पलीकडे कबरींच्या ओळीच्या ओळी निघाल्या. वर दगड नाही, नाव नाही. एका बाईच्या गळ्याशी निळे काचेचे मणी सापडले. एझराच्या शेतावर राबणारे गुलाम असावेत, असं त्यांच्या प्रमुख बाईंनी सांगितलं. कुंपणातल्यांच्या कितीतरी पट माणसं बाहेर होती.

मिस लोरेन आली ती तडक त्या ओळींपाशी गेली. पद्मिनी तिच्यामागे उभी राहिली.

"आमचे लोक गरीब होते," लोरेन म्हणाली. "स्वतःच्या हातांनी केलं त्यांनी सगळं."

मग तीच पुन्हा बोलली, आता हळू आवाजात. "लहानपणी आम्ही इथे खेळायला यायचो. आजी ओकच्या पलीकडे जाऊ द्यायची नाही. एकदा गेले तर तिने मला मारलं. तिने आयुष्यात कधी कुणावर हात उचलला नव्हता."

"तुम्ही विचारलं नाहीत का?"

"नाही." ती वळली. "आणि तू मला हे विचारायला नको होतंस."

ती पिकअपमध्ये बसून गेली ती पुन्हा आली नाही. पद्मिनीने दोनदा फोन केला, तिने उचलला नाही. पुढच्या वसंतात मार्थाच्या कबरीवर फुलं पद्मिनीने ठेवली.

घर रद्द झालं. अमेय फोनवर म्हणाला, "डॅड, जस्ट लेट इट गो. आम्ही तसेही समरमध्ये फार दिवस येऊ शकलो नसतो." श्रीरंगने फोन ठेवला आणि दोन दिवस तो धड जेवला नाही. एझराचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. नवराबायकोत बोलणं होतं ते औषधांचं आणि भाजीचं.

वर्षभराने जवळच्या गावातल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चने तिथे प्रार्थना ठेवली. त्यांतल्या काहींची आडनावं कॉलियरच होती; गुलामांना मालकाचंच आडनाव लागायचं. उन्हात म्हातारीकोतारी माणसं ओळींमधून पाय जपून टाकत चालत होती, कुठे थांबावं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रार्थना झाल्यावर पाद्री श्रीरंगपाशी आला आणि त्याने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

"दुसरं कुणी असतं तर बुजवून टाकलं असतं. तुम्ही फोन केलात. आम्ही हे विसरणार नाही."

श्रीरंगचे ओठ हलले. "थँक यू," तो म्हणाला.

पद्मिनी शेजारीच होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, पण तो खाली बघत होता.

परतताना गाडी हायवेला लागली. तेव्हा श्रीरंग म्हणाला, "काय सांगायला हवं होतं मी?"

"खरं काय ते."

"सांगितलं असतं तर त्याने हात धरला असता माझा?"

पद्मिनीला ते माहीत नव्हतं. तिने तसं सांगितलं. श्रीरंगने मान डोलावली आणि तो गाडी चालवत राहिला.