अजून पन्नास फूट

काकासाहेबानं पिशवीतून नवा कॅल्क्युलेटर काढला, शर्टाच्या बाहीला पुसला आणि बद्रीनाथच्या पुस्तकाशेजारी ठेवला. मग राहवेना म्हणून स्वतःच परत उचलला. उजव्या हाताला मधली दोन बोटं नव्हती, त्यामुळं अंगठ्यानंच बटणं दाबत त्यानं एक बेरीज करून पाहिली.

"मागच्या पेपरात तुझा बंद पडला होता ना," तो आपल्या धाकट्या भावाला म्हणाला. "ह्याला सोलरची पट्टी हाय. सेलची भानगडच नाय."

मागच्या पेपरात कॅल्क्युलेटर बंद पडलाच नव्हता. नापास व्हायला काहीतरी निमित्त लागतं, म्हणून बद्रीनाथनं तसं ठोकून दिलं होतं. आता ती थाप अशी नवी कोरी होऊन समोर आली, तर तिला नाही कसं म्हणणार?

काकासाहेब पहिली पाळी करून नुकताच आला होता आणि आज जास्तीची अर्धी पाळी करायला परत वाळूजला कंपनीत जायचा होता. रांजणगावातली ती एकच खोली, वर तापलेला पत्रा. कोपऱ्यात वच्छला वहिनी मेथी निवडत बसली होती. एम.कॉम.च्या परीक्षेचा फॉर्म भरायची उद्या शेवटची तारीख होती, आणि बद्रीनाथला तो भरायचाच नव्हता. कंपनीच्या स्टोअरमध्ये मदतनीसाची जागा होती. ठेकेदार सोमवारपासून ये म्हणाला होता. ती धरली तर दादाच्या जास्तीच्या पाळ्या तरी सुटल्या असत्या. सगळं ठरलं होतं, फक्त दादाला सांगायचं राहिलं होतं. आणि घोडं तिथंच अडलं होतं.

तसा तो अगदीच ढ नव्हता. फायनान्शियल अकाउंटिंग त्यानं पहिल्या झटक्यात काढलं. जे घडून गेलं ते नीट मांडायचं, एवढं त्याला छान जमे. पण मॅनेजमेंट अकाउंटिंगमध्ये पुढं काय करायचं ते ठरवावं लागतं. हे मशीन ठेवायचं का विकायचं, हा विभाग चालवायचा का बंद करायचा, असं विचारलं की त्याचं पेन जागीच थांबे. दोनदा तो तिथंच आपटला होता. तिसऱ्यांदाही आपटणार हे त्याला पक्कं कळलं होतं.

पण सोडायचं कसं? बद्री बी.कॉम.ला लागला त्या वर्षी दादाची ती दोन बोटं पॉवर प्रेसखाली गेली. जखम भरली न भरली तोच दादा बद्रीच्या फीसाठी त्याच प्रेसवर परत उभा राहिला. त्यावर घरात कुणी चकार शब्द काढला नव्हता. बद्रीनाथ पुस्तक मिटायला गेला की मात्र ती बोटं आडवी येत.

काल विद्यापीठात सरांनी एक धडा शिकवला, आणि हाच धडा दादाला सांगावा असं त्याच्या मनानं घेतलं.

"दादा, आपल्या गावात सांडूनानानं बोअर घेतला होता. आठवतो?"

"आठवतो म्हंजी? मी तिथंच होतो. पाणाड्यानं तळहातावर नारळ उभा करून दावला होता. आन् तीनशे फुटाला नुसता फुफाटा."

"बोअरचा गाडीवाला बंद करू म्हणाला, तर नाना काय म्हणला?"

"अजून पन्नास फूट." काकासाहेब हसला. "दर टायमाला अजून पन्नास. गाडीवालाच कटाळला."

"पण असं का म्हणत होता?"

"का म्हंजी? एवढं लावलं, आता सोडायचं कसं?"

बद्रीनाथ सावरून बसला. हेच तर त्याला दादाच्या तोंडून हवं होतं.

"तिथंच चुकलं बघ. तीनशे फुटापर्यंत जे लावलं ते गेलं. पुढं खणलं तरी परत येत नाय, थांबलं तरी परत येत नाय. मग ठरवताना ते धरायचंच नाय. आता किती लागंल आन् पाण्याचा भरवसा किती, एवढंच बघायचं. भरवसा नसला तर गाडी माघारी पाठवायची. मागं कितीबी गेलेलं असो. पैसा असो, नायतर..."

त्याची नजर नको तिथं गेली. काकासाहेबानं उजवा हात सावकाश खांद्यावरच्या टॉवेलखाली घेतला.

"म्हंजी, बुडालं ते बुडालं," तो म्हणाला.

"व्हय."

"त्याच्यापायी आणखी बुडवायचं नाय."

"व्हय, दादा." आता एकच वाक्य उरलं होतं.

पण काकासाहेब तिकडं वळला होता. "वच्छला, ऐकलं का? आठवी शिकल्याला माणूस मी, पर मला कळलं. मास्तर काय सांगंल असं. ह्याला विषय येतोय गं. कॅल्क्युलेटरच दगाबाज निघाला."

"भाऊजी, यंदा निघतोय बघा तुमचा विषय," वहिनी म्हणाली.

"दादा, मी परीक्षेसाठी नाय सांगितलं. स्टोअरमध्ये एक जागा हाय, ठेकेदार म्हणत होता..."

"हेच लिही पेपरात. सांडूनानाचं नाव तेवढं घालू नको."

आता काय करावं माणसानं? जितकं नीट समजावून सांगावं तितका तो दादाच्या डोळ्यांसमोर पास होत चालला होता. एखादा शब्द चुकला असता, कुठं अडखळला असता, तर कदाचित सुटका झाली असती.

काकासाहेबानं डबा घेतला. फळीवरून फॉर्मचे पैसे काढून कॅल्क्युलेटरखाली ठेवले आणि दाराशी जाऊन चपलेत पाय घातला. आता नाही तर कधीच नाही, हे बद्रीनाथला कळत होतं.

"दादा," तो म्हणाला, "पाणी नाय लागायचं."

काकासाहेब पाठमोराच थांबला. वहिनीचा मेथीवरचा हात थांबला. बाहेर चौकात पाळीच्या बसनं हॉर्न दिला.

"अजून पन्नास फूट, बद्री," तो हळूच म्हणाला. आणि जाताना त्यानं दार अलगद ओढून घेतलं, अभ्यासात आवाज नको म्हणून.