दोन दारांच्या मध्ये

कुलूपबाई रिकामी पिशवी घेऊन लिफ्टमधून बाहेर पडल्या, तेव्हा त्यांची मुलगी इमारतीत शिरायच्या दोन दारांच्या मध्ये अडकली होती आणि जावई तिचं डोकं काचेवर आपटत होता.

आधी त्यांना वाटलं, कोणीतरी कपाट हलवतंय. आवाज तसाच होता, जड आणि बोथट. मग आतल्या दाराच्या काचेवर लाल फराटा उमटला आणि त्यामागे मुलीचा चेहरा दिसला. एक डोळा मिटलेला, ओठ फाटलेला. तिचा उजवा हात मनगटापासून भलतीकडेच लोंबत होता.

"आई," ती म्हणाली. काचेपलीकडून ऐकू आलं नाही, पण ओठ हलले ते कळलं.

कुलूपबाई हे नाव त्यांना कारखान्यातल्या पोरांनी ठेवलेलं. दारावर कार्ड टेकवायचं किंवा आकडे दाबायचे जे यंत्र असतं, ते करण्यात त्यांचा जन्म गेला. या इमारतीचं यंत्रही त्यांच्याच हातचं. त्यांचा हट्ट एकच, दाराने माणसाचा पाणउतारा करू नये. कंपनीतले लोक चोर अडवायच्या गोष्टी करत, तेव्हा कुलूपबाई म्हाताऱ्यांच्या थरथरत्या बोटांची मापं घेत बसत. पहिली बटणं त्यांनी पुठ्ठ्याची कापली होती, आणि ती दाबून बघायला हीच मुलगी स्टुलावर चढून उभी राहायची. जीभ बाहेर काढून, एकेक आकडा मोठ्याने म्हणत. बटण चुकलं की यंत्रावरच रागवायची, "आई, हे शहाणं नाहीये." मग आई बटण अजून रुंद करायची. कोपराने दाबता येतील एवढी रुंद बटणं झाली ती त्या कार्टीच्या रागामुळे.

आज ती बटणं कामाला आली होती. हात मोडलेला असूनही मुलीने बाहेरचं दार कोपराने उघडलं होतं. पण ते दार सावकाश मिटणारं. मागून येणाऱ्याला घाई करावी लागू नये, कोणाचं बोट चेमटू नये, वाटेत काही आलं तर दाराने आपणहून मागे सरावं, हे सगळं कुलूपबाईंनीच भांडून करून घेतलेलं. जावयाने त्या दारात लोखंडी कुंडी सरकवून ठेवली होती. दार यायचं, कुंडीला टेकायचं आणि अदबीने मागे जायचं. आणि बाहेरचं दार लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, असा नियम होता.

कुलूपबाईंनी कार्ड टेकवलं. लाल दिवा लागला आणि यंत्र बोललं, "जरा थांबा हं. मागचं दार लागू द्या."

आवाज त्यांचाच होता. पस्तिशीतला, गोड, समजावणीचा. तेव्हा कंपनीकडे दुसऱ्या कोणाचा आवाज घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनीच खोकला आवरून बोलून दिलं होतं.

जावयाने वर पाहिलं. त्याच्या मुठीत मुलीच्या केसांचा पुंजका होता. "आई, तुम्ही वर जा," तो काचेला तोंड लावून म्हणाला. "आमच्या घरातली गोष्ट आहे. मी तिला घेऊन जातो आणि झालं."

"सोड तिला."

"तुम्ही मध्ये पडू नका. उगाच या वयात लागेल तुम्हाला."

एवढं बोलून त्याने मुलीच्या पोटात गुडघा घातला. ती दुमडली. त्याने केसांनीच तिला उभं केलं आणि बाहेरच्या दाराकडे ओढायला लागला. रस्त्यापलीकडे त्याची गाडी उभी होती, मागचं दार उघडं ठेवून. ते उघडं दार पाहिलं आणि कुलूपबाईंना मुलीचं बोलणं आठवलं. मागच्या महिन्यात त्याचं घर सोडून आली तेव्हा ती सांगत होती, पुन्हा घरी नेलं तर जिवंत सोडणार नाही म्हणतो. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, इथे आपलं दार आहे ना.

कुलूपबाई उभ्या होत्या त्या, लिफ्टच्या बाजूच्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला एक रुंद पिवळं बटण होतं. चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी मधल्या जागेत अडकली, तर लिफ्टच्या बाजूला असलेल्या माणसाने ते दाबायचं, दोन्ही दारं एकदम उघडतात. चाचणीला त्यांनी किती तऱ्हेची माणसं आणली होती. काठीवाले, आंधळे, हाताला पट्ट्या बांधलेले, दोन्ही हातांत सामान घेतलेले. पण दोन दारांच्या मध्ये माणूस एकटाच असतो असं त्यांनी धरलं होतं. दुसरा कोणी बरोबर असेल आणि तो मारत असेल, हे एवढ्या वर्षांत त्यांच्या मनाला शिवलं नव्हतं.

बटण दाबलं तर तोही आत येणार होता. त्यांनी भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं काढून छातीशी धरलं आणि गुडघ्याने बटण दाबलं.

दार उघडलं. मुलगी आतल्या बाजूला झेपावली, तो केस न सोडता तिच्या मागे आला. कुलूपबाईंनी नळकांडं खालून फिरवलं आणि त्याच्या गुडघ्याच्या वाटीवर हाणलं. कडकन आवाज झाला. तो ओरडला, केस सुटले. पण पडता पडता त्याने त्यांचा गळा धरला आणि त्यांना भिंतीवर रेटलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्याची बोटं आत आत रुतत होती आणि तोंडाने चाललं होतं, "सांगितलं होतं ना, आई, सांगितलं होतं ना."

मुलीने खाली पडलेल्या नळकांड्याची खीळ दातांनी उपसली आणि पांढरी भुकटी त्याच्या डोळ्यांत, नाकात, उघड्या तोंडात सोडली. तो आंधळा होऊन हात झाडायला लागला. मग तिने डाव्या हाताने नळकांडं उचलून त्याच्या तोंडावर घातलं. पुन्हा घातलं. दात फरशीवर टणकन उडाले. तिसऱ्यांदा उचललं तेव्हा कुलूपबाईंनी तिचा दंड धरला.

"बस, बाळा. पडला तो."

तो आतल्या दाराच्या उंबऱ्यावर आडवा पडला होता. दार मिटायला आलं, त्याच्या बरगड्यांना टेकलं आणि मागे सरलं. "जरा थांबा हं," तरुण कुलूपबाई म्हणाल्या. दार पुन्हा आलं, पुन्हा सरलं. रखवालदार मागच्या टाकीवरून धावत आला आणि पोलीस येईपर्यंत त्याच्या पाठीवर बसून राहिला.

"आई," मुलगी रक्त थुंकत म्हणाली, "ही बाई आधी बंद कर."

हाडं जुळायला लागली तशा दोघी कारखान्यात गेल्या. जावई कोठडीत होता, पण कधीतरी सुटणार होता हे दोघींना माहीत होतं. कारखान्यात चाचणीसाठी प्लायवूडची दोन खोटी दारं उभी केली होती. आता पिवळं बटण मधल्या जागेतही होतं. ते दाबलं की बाहेरच्या दाराची वाट न पाहता आतलं दार एका माणसापुरतं उघडायचं आणि लगेच मागे जोरात मिटायचं. चाचणीला मागून येणारा माणूस हवा होता. अंगापिंडाने आडवे फोरमन पुढे आले, त्यांना सगळे दांडगोबा म्हणत. मुलीला त्यांनी लहानपणी खांद्यावर बसवलेलं.

मुलगी प्लास्टरचा हात घेऊन आत शिरली. दांडगोबा मागून आले आणि तिच्या खांद्यावर दोन बोटं टेकवून थांबले.

"काका, तिकीट मागताय का माझ्याकडे?"

सगळे हसले. दांडगोबाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

"केस धरा," ती म्हणाली. "आधी केसच धरतात. आणि एक पाय दारात ठेवा."

"पोरी, मला नाही जमायचं ते."

त्यांनी कुलूपबाईंकडे पाहिलं. बाईंच्या गळ्यावरचे बोटांचे वळ आता पिवळे पडले होते.

"ती सांगते तसं करा," त्या म्हणाल्या.

दांडगोबांनी केस धरले. मुलगी क्षणभर थिजली. मग तिने प्लास्टरने बटणावर घाव घातला, आतल्या फटीतून निसटली आणि दार तिच्या मागे धाडकन मिटलं. दांडगोबांची बाही त्यात अडकली.

"अरे, चावतं की हे," ते म्हणाले.

मुलगी पलीकडे भिंतीला टेकून धापा टाकत होती. कुलूपबाई उठायला लागल्या, तिने हातानेच बसा म्हटलं.

"परत करू," ती म्हणाली. "काका, या वेळी जोरात ओढा."