सिंगल बेल

दोरी हलत होती. आरशाच्या वर अडकवलेली पितळी बेल, आणि तिच्यापासून मागे स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत गेलेली दोरी... गाडी खड्ड्यातून गेली की नुसतीच झुलायची, वाजायची नाही, आणि विजयसिंहांना उगाच वाटायचं की मागे पूर्णिमाचा हात तिच्यावर आहे. कसला हात! बसली असेल डावीकडच्या खिडकीशी ऊस बघत. जन्मात कधी ऊस बघितला नसल्यासारखी.

शेजारची सीट रिकामी होती, ते त्यांना कोल्हापूर सोडल्यापासून खुपत होतं. बत्तीस वर्षं एसटी चालवली, तेव्हा बायको शेजारी बसण्याचा प्रश्नच नव्हता. आता रिटायर झाल्यावर हौसेने जुनी मिनीबस घेतली, तिचं घर केलं — शेगडी, बेसिन, पलंग — भंगारातून एसटीची बेलसुद्धा आणून लावली, गंमत म्हणून. आज वाडीला दत्ताचं दर्शन, उद्या गगनबावड्याचा घाट उतरून कोकण... आणि बाईसाहेब मागे! "पुढं पाय अवघडत्यात," म्हणे.

पाय अवघडतात, की माझ्या शेजारी बसायची भीती वाटते? छे, तिला कसं कळणार. डाव्या डोळ्याचं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. चार महिने झाले, डावीकडची कड धुक्यात गेल्यासारखी पुसट झाली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. सांगितलं की चावी अमरसिंहाच्या हातात; मुलगा बापाला स्टिअरिंगला हात लावू देणार नाही, आणि मग आपण कोण? स्टिअरिंगवाचून विजयसिंह म्हणजे कोण, हे मला खरंच माहीत नाही...

शिरोळ मागे पडलं. आदल्या दिवशी अवकाळी पडून गेलेला, त्यात उसाच्या ट्रॉल्यांनी शेतातली काळी माती रस्त्यावर आणलेली. रस्ता साबण लावल्यासारखा झाला होता. त्यांनी गिअर उतरवला. मागे पाण्याची भरलेली टाकी, सिलिंडर, भांडी. वजन एका अंगाला गेलं की ही गाडी आवरायची नाही. चिखलात ब्रेक दाबायचा नसतो, त्याला नुसतं विचारायचं असतं — किती नव्या ड्रायव्हरांना त्यांनी हे शिकवलं होतं.

टण्.

एकच. पाय आपोआप उचलला गेला... गिअर आणखी खाली, ब्रेकला हलका पाय, सोड, पुन्हा हलका. मागचं चाक जरा सरकलं, भांडी खणखणली, आणि गाडी थांबली. कशासाठी थांबलो ते मान पूर्ण डावीकडे वळवल्यावर दिसलं. उसाने भरलेली ट्रॉली कडेला उभी, निम्मी रस्त्यावर. वाढ्याची, उसाच्या शेंड्याची पानं काचेपासून हातभर अंतरावर होती.

आई अंबाबाई!

मागे न बघताच त्यांनी विचारलं, "कवापासनं ठावं हाय तुला?"

"दिवाळीत पणतीवर पाय दिलासा, तवापासनं. डावीकडंच व्हती."

"मग वरडायचं न्हाईस व्हय?"

"वरडलो असतो तर भांडला असता की! माझं कवा ऐकलंय तुमी? बेल तेवढी ऐकतासा."

म्हणून मागे. कोल्हापूरपासून ती ऊस बघत नव्हती, माझी डावी बाजू बघत होती, आणि मी मात्र मनातल्या मनात तिच्याशी भांडत होतो... लाज वाटली. त्याहून जास्त बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाच राग आला.

"उद्याच्या घाटाचं काय मग?" त्यांनी विचारलं.

ट्रॉलीवाला पुढे येऊन हात करत होता, "या की पावणं उजवीकडनं, मोकळं हाय!"

त्यांनी पहिला गिअर टाकला आणि क्लच दाबून तसेच बसून राहिले. डबल बेल झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, ही बत्तीस वर्षांची सवय. आरशात दोरी आता झुलत नव्हती, ताणलेली दिसत होती. म्हणजे पूर्णिमाच्या हातात होती. ओढेल का? ते वाट बघत राहिले, आणि नाही ओढली तरी चालेल, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.