तडकलेल्या फरशीची कबुली

मित्रांनो, तुमच्या वहीचे पान पांढरे कसे होते, हे मला चांगले ठाऊक आहे. मी कागद गिरणीतली, लगदा पांढरा करणारी टाकी. वय एकतीस वर्षे. मिरवण्यासारखे माझ्याकडे पुष्कळ आहे, पण आज जे सांगायचे आहे त्याची मला लाज वाटते.

मी सिमेंटची आहे, आतून गुळगुळीत फरशीची. लाकडाचा तपकिरी लगदा माझ्यात येई आणि क्लोरीन पिऊन पांढरा होऊन जाई. पाहुणे आले की साहेब मूठभर लगदा उचलून दाखवत. मी फुगून जाई. माझ्या तळाच्या नळातून जे पाणी बाहेर पडे, ते मात्र कोणी दाखवत नसे. ते गंजाच्या रंगाचे होते आणि थेट ओढ्याला मिळत होते.

माझी देखभाल करणाऱ्याला सगळे मामा म्हणत. त्याची धाकटी बहीण त्याच ओढ्याकाठी राहते. तिच्या विहिरीचे पाणी पिवळे पडले, तेव्हा ती गिरणीच्या फाटकाशी येऊन म्हणाली, "दादा, माहेरून मला एवढंच पाठवायचं होतं का?"

पुढे प्रयोगशाळेतल्या ताई एक डबा घेऊन आल्या. त्यात सूक्ष्मजीवांनी तयार केलेले एन्झाइम होते. लगद्याच्या धाग्यांवर एक पातळ थर असतो, तो तपकिरी रंगाला धरून ठेवतो. एन्झाइम तो थर सैल करते, मग क्लोरीन कमी लागतो आणि पाणीही कमी नासते. साहेबांनी लगद्याच्या तीन खेपांवर ते वापरून बघायची परवानगी दिली. जमले नाही, तर डबा कायमचा बंद.

"ताई, तुमच्या जंतूंना हजेरीपटावर घ्यायचं का?" मामाने विचारले.

"जंतू नाहीत हो मामा, त्यांनी तयार केलेला माल आहे. फक्त टाकी स्वच्छ द्या. आधीचा क्लोरीन राहिला, तर हे निकामी होतं."

मामाची नजर माझ्या तळाकडे गेली. दोन वर्षांपूर्वी त्याच्या हातून पहार पडून माझ्या तळाची एक फरशी तडकली होती. बोलणी बसतील म्हणून त्याने वर सिमेंट चोपडले होते. तडा दिसत नव्हता, म्हणून मीही खूश होते. पण त्या फरशीमागे क्लोरीन मुरत राहिला. कितीही धुतले तरी गरम लगदा आला की तो पाझरे.

पहिली खेप फसली. दुसरीही फसली. साहेब सर्वांसमोर म्हणाले, "ताई, पुस्तकातलं पुस्तकातच ठेवा." ताईंनी वही उघडून सगळी मापे पुन्हा तपासली. सगळी बरोबर होती. मामा खाली बघत राहिला.

आणि मी? मला मनातून बरे वाटले. डबा गेला की पांढरेपणाचे श्रेय पुन्हा एकट्या माझे, मी पूर्वीसारखी मिरवणार होते. मित्रांनो, या क्षणाची मला सर्वांत जास्त लाज वाटते.

तिसऱ्या खेपेच्या सकाळी मामा छिन्नी घेऊन माझ्यात उतरला आणि त्याने ते सिमेंट उकरले.

"ताई, जरा खाली या. वास घ्या."

ताईंनी वाकून वास घेतला. "हे कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. माझ्याच हातून. सांगितलं नाही."

ताईंनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, "साहेबांना तुम्ही सांगता की मी?"

"मीच सांगतो. माझ्या वाटची बोलणी तुम्ही आधीच खाल्लीत."

फरशी बदलली. तिसरी खेप नीट उतरली, क्लोरीन पाचव्या हिश्श्याने कमी लागला. डबा राहिला. मामाची मात्र लाकडाच्या वखारीत बदली झाली. जाता-येता तो माझ्या तळाचा नळ बघून जातो. पाण्याचा रंग आता फिका आहे. बहिणीची विहीर अजून पिवळीच आहे. ती नितळायला वेळ लागेल, असे ताई म्हणतात.

मित्रांनो, हातून काही फुटले तर त्यावर सिमेंट चोपडू नका, त्याच दिवशी सांगा. माझी नवी फरशी बाकीच्यांपेक्षा जास्त पांढरी आहे. टाकी रिकामी झाली की ती लांबूनही उठून दिसते. दिसू दे.