अकरा मिनिटं उशिरा आलेल्या बातम्या

लेडी ऑनोरिया थॉर्प यांनी हरवलेल्या कुत्र्याची सूचना वाचून संपवली आणि पुढचा कागद हातात घेतला. काचेपलीकडून कार्यक्रमाची निर्माती डोरीन क्लेग हनुवटी खाली-खाली करून दाखवत होती. म्हणजे, आवाज जरा जमिनीवर आणा, बाईसाहेब.

यॉर्कशरमधल्या त्या छोट्या रेडिओ केंद्रावर त्यांचा हा अकरावा दिवस. अर्लच्या, म्हणजे बड्या इंग्लिश सरदाराच्या, या मुलीने साठाव्या वर्षी आयुष्यातली पहिली नोकरी धरली होती. पंधरा दिवस बघू, असं ठरलं होतं, आणि श्रोत्यांची पत्रं काही चांगली येत नव्हती. ‘या बाई बोलायला लागल्या की चहा बाजूला ठेवून उभं राहावंसं वाटतं,’ असं एकाने लिहिलं होतं. केंद्रप्रमुख ऑर्मरॉड यांनी ते पत्र त्यांच्यापुढे ठेवलं होतं.

टेलिफोनचा दिवा लागला. श्रोत्यांनी आपापल्या सूचना सांगायची ती वेळ होती.

“मी क्रो हिलवरून ईनिड रॉ बोलतेय. आमचे गुरांचे डॉक्टर कुठं रेडिओ ऐकत असतील तर त्यांना इकडं पाठवा हो! नवरा बाजाराला गेलाय. मेंढी अडलीय. कोकराचं डोकं बाहेर आलंय, नि पुढं काहीच नाही.”

“श्रोतेहो, आपणांपैकी कुणास डॉक्टर महाशयांचा ठावठिकाणा...” ऑनोरिया थांबल्या. त्यांनी कागद खाली ठेवला. “ईनिड, पाय दिसतायत का गं?”

“एकच.”

“मेंढी कुठंय?”

“इथंच, स्वयंपाकघरात. माझ्या पायाशी.”

“मग कोपरापर्यंत साबण लाव. अंगठी काढ.”

“निघत नाही. बारा वर्षं झाली लग्नाला.”

“साबणाने निघेल. नवऱ्याला मी नाही सांगणार.”

“अख्खा जिल्हा ऐकतोय की!” ईनिड रडता रडता हसली.

आठ वाजले. बातम्यांची वेळ. ऑर्मरॉड दार ढकलून आत आले आणि घड्याळावर बोट आपटू लागले. डोरीनने मान वळवली नाही.

“कळ येऊन जाऊ दे. गेली? आता डोकं हळूच आत ढकल.”

“आत?”

“आतच. जागा नको का व्हायला? आता मानेवरून खांद्यावर ये. तिथून खाली. गुडघा लागला?”

ऑनोरियांनी उजवी बाही वर सारली होती. त्यांचा हात टेबलावर, हवेत, काहीतरी चाचपत होता. वडिलांच्या मेंढपाळाबरोबर बावीस वसंत त्यांनी हेच केलं होतं.

“लागला!”

“खूर मुठीत झाक, आतून लागायला नको तिला. आण पुढं. आता कळ आली की तिच्याबरोबर ओढ.”

रिसीव्हर खाली आदळला. धाप, खुर्ची सरकल्याचा आवाज, मग ईनिडची किंकाळी, “आलं बाहेर, पण हलत नाहीये!”

ऑनोरिया उभ्या राहिल्या. “नाकात काडी घाल! चोळ! अगं, चोळ त्याला!”

आणि खोऱ्यातल्या प्रत्येक घरात एक बारीक, चिडकं बें ऐकू गेलं.

डोरीनने टाळी वाजवली. ऑर्मरॉड स्टुलावर बसले होते.

“आत दुसरं आहे का,” ते म्हणाले, “विचारा ना.”

दुसरं होतं. ते मात्र आपलं आपण आलं. बातम्यांना अकरा मिनिटं उशीर झाला, आणि बातम्या कुठं गेल्या असं विचारणारा एकही फोन आला नाही.

“बाई, नाव काय तुमचं?” ईनिडने विचारलं.

“ऑनोरिया.”

“म्हणजे नोराच की! रविवारी जेवायला या, नोराबाई. मागच्या दाराने या, आपली माणसं तिकडूनच येतात; पुढचं आम्ही उघडत नाही.”

दिवा विझला. ऑनोरिया बाही तशीच वर ठेवून बसून राहिल्या.

“डोरीन,” त्या म्हणाल्या, “मागच्या दाराने मी कधी कुणाकडे गेलेले नाही. जाताना काय न्यायचं असतं?”

“भूक.”

ऑनोरियांनी सूचनांचा कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर ते लिहून घेतलं.