नऊ हजार पावलं

समोरची बाग होती तोवर आमच्या ह्यांची साखर ताब्यात होती. शिंपी माणूस, जन्म मशीनवर वाकून गेलेला. पण सकाळी सहाला उठून बागेत सात फेऱ्या मारायचे. सोबतीला शेजारचे निवृत्त पोस्टमन. दोघं चालायचे कमी, वाद जास्त घालायचे. तरी वर्षभरात एक गोळी सुटली, रक्तदाब उतरला आणि ह्यांच्या विजारींची कंबर दोनदा आत घ्यावी लागली.

मग बागेला पत्रे लागले. तिथे गाड्या ठेवायला चार मजली इमारत होणार होती. आठ दिवसांत झाडं आडवी झाली. माणसांना चालायला जागा नाही आणि गाड्यांना उभं राहायला चार मजले! माझं डोकंच फिरलं, पण ऐकतो कोण? ह्यांनी दोन दिवस रस्त्याकडेने चालून पाहिलं. दुसऱ्या दिवशी एका स्कूटरचा आरसा कोपराला लागला. त्यानंतर चपला दाराशी पडून राहिल्या.

चार महिन्यांत साखर पुन्हा चढली. डॉक्टरांनी दम भरला, "रोज नऊ हजार पावलं झालीच पाहिजेत." परगावच्या लेकीनं पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं, आकडा थेट तिच्या फोनवर दिसायचा. पहिल्या दिवशी सातशे झाली. तिनं फोनवरच बापाची खरडपट्टी काढली. हे फोन कानाशी धरून उगाच सुईत दोरा ओवत राहिले. मला ते बघवेना.

दुसऱ्या दिवशी मीच घड्याळ ह्यांच्या घोट्याला बांधलं. "मशीनचं पॅडल मारताना पाय हलतातच की."

"अगं, ही फसवणूक झाली."

"मग जा, पत्र्यांना फेऱ्या मारा."

हसले बिचारे. संध्याकाळी लेकीचा फोन आला, "शाब्बास, बाबा!" शिलाई कमी असली की उरलेली पावलं मी मारायची, बिनदोऱ्याची मशीन चालवून. आम्हाला त्याची गंमतच वाटायला लागली.

डॉक्टरांनी आकडे पाहिले. "चालताना छातीत दुखतं?"

"नाही," हे म्हणाले. खोटं नव्हतं; चालतच कुठे होते?

"मग हृदयाची तपासणी पुढच्या महिन्यात करू."

त्या मंगळवारी दुपारी हे म्हणाले, "छातीत जळजळतंय, जरा पडतो." घड्याळात चार हजारच होती. मी ते माझ्या घोट्याला बांधलं आणि मशीनवर बसले. मशीन जुनी, खडखडाट फार. मधेच आतून हाक आल्यासारखं वाटलं. "आले, आले, थोडीच राहिलीत," मी ओरडले, पण पाय थांबवले नाहीत. नऊ हजार झाल्यावर चहा टाकला आणि उठवायला गेले. हे उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं. घोट्यावरचं घड्याळ सोडायचं मला भानच राहिलं नव्हतं. लेक रडत रडत प्रत्येकाला फोन दाखवत होती. "बघा ना, काल शेवटच्या दिवशीही नऊ हजार चालले माझे बाबा."

पोस्टमन फोनकडे बघत राहिले. "रोज चालायचा? मला एकदाही हाक मारली नाही त्यानं."

मला त्यांच्यासमोर बसवेना. पाणी आणते म्हणून उठले आणि स्वयंपाकघराकडे निघाले.

"आई," मागून लेक म्हणाली, "हा आजचा आकडा आत्ता वाढतोय."

मी आहे तिथेच थांबले.