वर्षाच्या हातावरचा मोर

वणीच्या बसस्टँडजवळ बादल राठोडचं टॅटूचं दुकान आहे. दुकान कसलं, एक अरुंद गाळा, मागे रेलणारी एक खुर्ची, एक आरसा आणि दारावर ही मोठी पाटी: ‘तुमचा टॅटू जिवंत करून मिळेल’. पाटी नवी आहे, बादलनं मोबाइलवर एआय शिकून घेतलं तेव्हाची. गोंदून झालं की हाताचा फोटो काढायचा, तो त्यात टाकायचा, काय घडायला हवं ते दोन ओळींत लिहायचं. थोड्याच वेळात दंडावरचा वाघ जांभई देऊन उठतो, महादेवाच्या गळ्यातला नाग फणा काढतो. कोळशाचे ट्रक चालवणाऱ्यांना तर याचं वेडच लागलं. स्वतःचा दंड खांद्यालाच असताना माणसं तो मोबाइलमध्ये पाहून खूश होत. आता याला काय म्हणावं! पण बादलचा धंदा चालला होता, आणि चालत्या धंद्याला कोणी नावं ठेवत नाही.

त्याची आई लालीबाई दुकानात कधी आली नव्हती. ती झरीच्या रस्त्यावरच्या तांड्यात राही. तांडा बंजाऱ्यांचा. तिथे आईला याडी म्हणतात आणि घरात गोरबोली चालते. ती सगळ्यांना समजायची नाही, म्हणून मायलेकांचं बोलणं इथे त्यांच्या बाजारातल्या वऱ्हाडीतच सांगितलेलं बरं. लालीबाईच्या हनुवटीवर, गालांवर आणि मनगटांवर हिरव्या ठिपक्यांचं गोंदण होतं. नवरा भावसिंग जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेकरं दोन, बादल आणि त्याच्या पाठची वर्षा. त्यातली वर्षा श्रावणात गेली.

कावीळ झाली, तिनं ती अंगावर काढली. सासरच्यांनी यवतमाळला हलवलं तेव्हा फार उशीर झाला होता. लालीबाई पोचली तोवर बायका वर्षाच्या अंगावरची चांदी उतरवत होत्या. लालीबाई रडली नाही. तिनं लेकीचा उजवा हात उचलून मांडीवर घेतला, त्यावर गोंदलेला मोर पदरानं पुसला आणि म्हणाली, “काढा, सारं काढा. हे तं कोणाच्या बापाच्यानं निघत नाई.”

तांड्यातल्या जुन्या बायका सांगतात, मेल्यावर चांदी इथेच राहते, कपडा जळून जातो, गोंदण तेवढं संगं येतं. वर आपली माणसं वाट पाहत उभी असतात. ती चेहरा पाहत नाहीत, गोंदण पाहतात. ते नसलं तर ही कोण, कुठली, कोणाची, काही कळत नाही. वर्षानं मात्र लहानपणी ठिपके गोंदवून घ्यायला साफ नकार दिला होता. “मले कालेजात जायचं हाय, हे हिरवं थोबाड घेऊन जाऊ का?” असं म्हणून ती गोंदणारणीच्या समोरून पळाली आणि अख्ख्या तांड्याला मागे धावायला लावलं, तरी सापडली नाही. शेवटी लग्नाच्या आधी बादलनं मध्यस्थी केली आणि तिच्या हातावर मशीननं मोर काढला. लालीबाईला मशीनचं गोंदण काही पटलं नव्हतं. पण नसण्यापेक्षा बरं, म्हणून तिनं नाक मुरडून का होईना, मान्य केलं.

आता त्या मोरावरच तिचा जीव टेकला होता. समोर भाकरी आली की ती आधी थांबायची. “धुरपताबाई तिथी हाय,” ती म्हणायची. धुरपताबाई म्हणजे तिची सासू, वर्षाची आजी. “मोर पाह्यला का नातीले वळखीन. जवळ घेईन. पोट्टी एकटी नाई राह्यची.” एवढं म्हटलं की तिला घास गिळता यायचा. तसं म्हटलं नाही तर घास तोंडातच फिरायचा.

बादल दर आठवड्याला येऊन हे पाहत होता. आई वाळत चालली होती. बहीण गेली ती गेली, आता आईही हातची जाते की काय, ही धास्ती त्याला दुकानातही सोडत नव्हती. दिवाळी आली. लोक आईला लुगडं नेतात, मिठाई नेतात. बादलला वाटलं, आपल्याकडे तर याहून मोठी गोष्ट आहे.

त्याच्या मोबाइलमध्ये वर्षाच्या हाताचा फोटो होता, मोर काढला त्या दिवशीचा. चेहरा नव्हता, नुसता हात. बोटं थोडी मुडपलेली, मनगटाजवळ तव्याचा जुना चटका, हिरव्या बांगड्या आणि ताजा, सुजलेला मोर. बादलनं तो फोटो टाकला आणि लिहिलं: मोर जिवंत होऊ दे, पिसारा फुलवू दे, नाचू दे आणि आभाळात उडू दे. जे आलं ते पाहून तो खुर्चीत बसून ढसाढसा रडला. मोराचं त्याला काही वाटलं नाही, असले मोर त्यानं रोज उडवले होते. पण मोर उठताना वर्षाची बोटं हलली होती.

धनतेरसला तो मोटारसायकलवर तांड्यात पोचला. लालीबाई कापूस वेचून नुकतीच परतली होती. कमरेची ओटी सोडायच्या आधीच त्यानं तिला ओट्यावर बसवलं.

“याडी, डोळे पूस. तुले वर्षा दाखवतो.”

“मेलेली माणसं दाखवून राह्यला का रे आता?”

“पाह्य तं खरं.”

लालीबाईनं मोबाइल दोन्ही हातांत धरला. आधी नुसता हात दिसला. मग मोरानं मान वळवली, पिसं झाडली आणि वर्षाची करंगळी हलली.

“हलली!” लालीबाई ओरडली. “बादल, हलली! माही पोट्टी हलली रे!” श्रावणानंतर ती पहिल्यांदा हसली. बादलनं तिच्याकडे पाहिलं आणि त्याला वाटलं, जिंकलो. मोर हातावर नाचला, पंख पसरून वर उठला आणि दिसेनासा झाला. खाली हात राहिला. गोरा, साफ, कोरा हात. मोर उडाल्यावर खाली कातडी दिसायला हवी, म्हणून यंत्रानं ती आपल्या मनानं भरून काढली होती.

लालीबाई थांबली. तिनं अंगठ्यानं काच घासली, पुन्हा घासली.

“मोर कोठी गेला?”

“उडाला, याडी.”

“वापस कवा येते?”

“येत नाई. तेथीच संपते ना थे.”

लालीबाईचं हसू चेहऱ्यावरच वाळलं. तिनं मोबाइल ओट्यावर ठेवला, पण त्यावरून हात काढला नाही. “काहून केलं असं? पोरीच्या आंगावरची चांदी सासरच्यांनी काढली, थे मी काढू देल्ली. एक मोर ठेवला होता. थो तू उडवला.”

“अवं, हे खरं थोडीच हाय! मशीननं काढेल चित्र हाय. हा पाह्य, जुना फोटो. मोर जागच्या जागी हाय.”

तिनं फोटो नीट पाहिला. ती काही खुळी नव्हती. “हा तं अगुदरचा हाय,” ती म्हणाली. “हे नंतरचं हाय.” आणि तिनं उडत्या मोराच्या व्हिडिओवर बोट ठेवलं.

पुढे बादलनं नाना तऱ्हांनी समजावलं. एआय म्हणजे काय ते सांगितलं, ट्रकवाल्यांचे वाघ दाखवले, ते वाघ अजून त्यांच्या दंडावर आहेत म्हणून शपथा घेतल्या. लालीबाईनं सगळं ऐकून घेतलं. “थ्या जित्त्या माणसांचे वाघ हायेत,” ती एवढंच म्हणाली. “तूच तं पाटी लावली ना, जित्तं करून भेटीन म्हून. जित्तं झालं तं थे जाईनच. जित्तं कोठी थांबते, बाप्पा?” त्या रात्री तिनं भाकरी समोरून सारली. धुरपताबाईचं नाव निघालं नाही. आता ते काढून करायचं काय होतं?

दुसऱ्या दिवशी बादल सकाळपासून मोबाइल घेऊन बसला. जे बिघडवलं ते आपणच नीट करू, असं त्याला वाटलं. त्यानं लिहिलं, मोर परत येऊन हातावर बसू दे. मोर आला. अगदी ऐटीत आला आणि बसला. पण यंत्रानं हात दुसराच आणला. बोटं लांबसडक, बांगड्या सोन्याच्या, तव्याचा चटका गायब. पुन्हा केलं तर चटका आला, पण करंगळीच्या शेजारी आणखी एक बोट उगवलं. मग त्यानं पहिलाच व्हिडिओ उलटा फिरवला. मोर शेपटीकडून खाली आला आणि हातावर उलटा चिकटला. प्रत्येक वेळी तो आशेनं आईसमोर नेई आणि प्रत्येक वेळी ती मान हलवी.

“हा माह्या पोरीचा हात नाई. कोणाच्या तरी पोरीवर नेऊन बसवला तू.”

बादलनं मोबाइल खाटेवर फेकला. आईच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. “मी तिले आणाले गेलतो, याडी. मले वाटलं तुले तिचा हात दिसीन. मले तू पाह्यजेस. तू जेवली पाह्यजेस, बस.”

लालीबाईनं त्याच्या केसांतून हात फिरवला. तिला राग नव्हताच. मग तिनं चोळीची बाही वर सारली आणि उजवा हात त्याच्या पुढ्यात धरला. मनगटावर ठिपके होते, त्याच्या वर कोपरापर्यंत जागा मोकळी होती.

“मशीन आणली हाय ना संगं?”

“कायले?”

“थो जुना फोटो पाहून तसाच्या तसा मोर काढ. मी घेऊन जातो. तिले देतो.”

बादलला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा त्यानं तिचा हात खाली दाबला. “कोठी जातं तू? काहीबाही बोलू नको.”

“आज जातो म्हनलं का मी? कवा ना कवा तं जाईनच ना. पोट्टी तिथी कोरा हात घेऊन उभी हाय, धुरपताबाई वळखून नाई राह्यली. मी गेलो का हात दाखवीन, म्हणीन, हे पाह्य, माहीच होय.” तिनं हात आणखी पुढे केला. “काढतं का जाऊ दुसऱ्याकडं?”

आईसमोर कोणाचं चाललंय? बादलनं कायम सोबत असणाऱ्या बॅगेतून मशीन काढली, हात धुतले, हातमोजे चढवले. आईची कातडी सैल झाली होती. एका हातानं ती ताणून धरावी लागत होती. मोराची मान, डोळा, एकेक पीस. वर्षानं त्या दिवशी त्याला शिव्यांची लाखोली वाहिली होती. लालीबाई हूं की चूं करत नव्हती. सुई जितकी खोल जाई तितका तिचा चेहरा निवत होता, आणि ते पाहणं बादलला कशाहूनही जड गेलं. आपण आईला जगवायला आलो होतो आणि तिची जायची तयारी करून देतो आहोत, हे त्याला प्रत्येक रेषेला कळत होतं. तरी त्यानं एक पीस कमी काढलं नाही.

गोंदून झालं. लालीबाईनं मोराकडे पाहिलं, फुंकर घातली आणि म्हणाली, “भूक लागली.” दोन भाकरी तिनं सलग खाल्ल्या. बादल पाहत राहिला. त्याला हेच हवं होतं, आणि ते मिळाल्यावर त्याला तिथून उठून कुठेतरी लांब पळून जावंसं वाटलं.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तांड्यात घरोघरी धबुकार होतो. चुलीतले रसरशीत निखारे बाहेर घेऊन त्यावर तूप आणि गोड लापशी सोडायची, घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेऊन त्यांना जेवायला बोलवायचं. लेक सासरची झाली की तिचं नाव तिकडच्या विस्तवावर घेतात. पण लालीबाईला हे सांगायची छाती तांड्यात कोणाची नव्हती. तिनं आधी धुरपताबाईला घास दिला, मग भावसिंगला. तूप चरचरलं, धूर वर गेला. मग तिनं ओढणी मागे सारली, सुजलेला, लालबुंद मोर विस्तवावर धरला आणि तिसरा घास सोडला.

“वर्षा,” ती मोठ्यानं म्हणाली, “घाबरू नको, बाई. तुहा मोर माह्यापाशी हाय. मी घेऊन येतो. थोडी थांब.”

मग तिनं लापशीचं भांडं बादलकडे सरकवलं. भावानंही घास द्यायचा असतो. बादलनं चिमूटभर लापशी उचलली. धूर डोळ्यांत जात होता. त्यानं घास निखाऱ्यावर सोडला आणि आईला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, पुटपुटत, बहिणीच्या पाया पडल्यासारखा म्हणाला, “थोडी नको, वर्षा. लय थांब. लय दिवस थांब, माय.”